अडथळ्यापलीकडचा प्रकाश : झोत खरंच स्वतःला बरा करतो का?



आजच्या भागाची सुरुवात एका प्रयोगापासून करू. प्रयोगशाळेतल्या टेबलावर एक लाल लेझर आहे. त्याचा झोत एका खास काचेतून जातो आणि समोरच्या पडद्यावर एक सुंदर आकृती उमटते. मधोमध केसाएवढा बारीक, झगझगीत ठिपका आणि त्याच्याभोवती एकामागून एक कड्या, शांत पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. पडदा थोडा पुढे नेला, थोडा मागे आणला, तरी ठिपका तेवढाच बारीक राहतो.

आता काचेच्या पट्टीवर खसखशीचा एक दाणा चिकटवायचा आणि तो नेमका त्या ठिपक्याच्या वाटेत धरायचा. दाणा साधारण एक मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या जवळजवळ अठरापट रुंद. दाण्याच्या लगेच मागे पडदा धरला तर मधला भाग काळा. ठिपका गेला. पण पडदा हळूहळू दूर न्यायला लागलो, की सहाएक सेंटिमीटरवर ठिपका पुन्हा हजर! तेवढाच बारीक, तसाच झगझगीत. वाटेत काही आलंच नव्हतं असा.

याला इंग्रजीत ‘सेल्फ-हीलिंग’ म्हणतात. म्हणजे स्वतःची जखम स्वतः भरून काढणारा झोत. नाव छान आहे, पण त्या नावाने बराच गोंधळ केला आहे. झोताला जखम होते, त्याला ती कळते आणि तो ती भरून काढतो, असं चित्र आपल्या मनात उभं राहतं. मग पुढची पायरी लगेच येते. हा झोत धुक्यातून आरपार जाईल, शरीराच्या आत पाहिजे तिथपर्यंत पोहोचेल, भिंत सोडून सगळ्यावर मात करेल, असे दावे कानावर येतात.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. या झोतात काहीही बरं होत नाही. जो प्रकाश दाण्यावर अडला, तो अडलाच. पुढे जो ठिपका दिसतो तो वेगळ्याच प्रकाशाचा असतो, आणि तो प्रकाश दाण्याला कधी भेटलेलाच नसतो. एवढं समजलं, की हा झोत काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल. आणि हा झोत घडवायच्या कलेचे दोन धागे आपल्याला म्हैसूरला घेऊन जातात, तेही शेवटाकडे पाहू.

साधा झोत आणि त्याची अडचण

लेझरचा झोत दोरीसारखा सरळ जातो, अशी आपली समजूत असते. तो सरळ जातो हे खरं, पण पसरत जातो. दोन मिलिमीटर रुंदीचा चांगला लाल झोत शंभर मीटर अंतरावर साधारण चार सेंटिमीटर रुंद होतो. आणि इथे एक गंमत आहे. झोत जितका बारीक करावा, तितका तो लवकर पसरतो. प्रकाश ही लाट आहे आणि कुठलीही लाट अरुंद जागेतून काढली की ती बाजूंना फाकते. याला विवर्तन म्हणतात. बंदराच्या अरुंद तोंडातून आत आलेली लाट अर्धवर्तुळात पसरते, तेच हे.

आपल्या प्रयोगातल्या ठिपक्याएवढा बारीक, म्हणजे एक मिलिमीटरच्या अठराव्या भागाएवढा साधा झोत घेतला, तर तो जेमतेम चार मिलिमीटर अंतरापर्यंत आपली बारीकी टिकवतो. नंतर फाकायला लागतो. मग आपला ठिपका कित्येक सेंटिमीटर तसाच कसा राहतो? आणि दाण्यापलीकडे परत कसा येतो? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

ट्यूबलाइटखालची पेन्सिल

उत्तराआधी घरच्या घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. लेझर लागत नाही, आणि लेझरशी घरी खेळूही नका, डोळ्याला इजा होते. आपल्याला फक्त एक लांब ट्यूबलाइट आणि एक पेन्सिल हवी.

ट्यूबखाली टेबलावर पांढरा कागद ठेवा. पेन्सिल कागदाच्या अगदी जवळ धरा, पण ट्यूबच्या दिशेला आडवी, म्हणजे दोघींची मिळून फुली होईल अशी. सावली ठळक दिसेल. आता पेन्सिल हळूहळू वर उचला. फारशी उचलायच्या आतच सावली पुसट होऊन जवळपास नाहीशी होते. पेन्सिल आहे तिथेच आहे, पण कागदावर तिचा पत्ता नाही!

आता दिशा बदलत बदलत नीट बघा. पेन्सिल ट्यूबला समांतर धरली, की सावली बऱ्याच उंचीपर्यंत टिकते. आडवी धरली, की लवकर जाते... की उलट? स्वतः करून खात्री करा. कारण मात्र सोपं आहे. ट्यूब लांब आहे, त्यामुळे तिच्या लांबीच्या दिशेने कागदावर प्रकाश तिरपा येतो, दोन्ही टोकांकडून. समांतर धरलेल्या पेन्सिलीला तिरप्या प्रकाशाने वळसा घालायचा तर तिची सगळी लांबी ओलांडावी लागते. आडव्या पेन्सिलीची मात्र नुसती जाडी ओलांडायची असते. म्हणून आडव्या पेन्सिलीमागची जागा लगेच भरून निघते.

इथे पेन्सिलीची सावली ‘बरी’ झाली असं आपण म्हणतो का? नाही. पेन्सिलीने अडवलेला प्रकाश अडलेलाच आहे. तिरक्या वाटेने आलेल्या दुसऱ्या प्रकाशाने ती जागा उजळली, इतकंच. दाण्यापलीकडचा ठिपकाही असाच येतो.

चपट्या शंकूची काच

आता लेझरकडे परत येऊ. ती खास काच म्हणजे ॲक्सिकॉन. हे नाव १९५४ साली जॉन मॅक्लाउड यांनी दिलं. एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने शंकू, दिवाळीतल्या भुईनळ्यासारखी, पण इतकी चपटी की शंकू आहे हे बोट फिरवूनही चटकन कळू नये. आपल्या उदाहरणात शंकूचा उतार फक्त एक अंश धरू.

साधं भिंग सगळा प्रकाश एका बिंदूकडे वळवतं. ॲक्सिकॉन तसं करत नाही. ते सगळ्या प्रकाशाला सारख्याच कोनात, आपल्या उदाहरणात साधारण अर्ध्या अंशाने, मधल्या रेषेकडे वळवतं. कागद-पेन्सिल घ्या आणि काढून बघा. डावीकडे एक उभी रेघ, ती आपली काच. तिच्या मधून उजवीकडे एक आडवी रेघ, तो मधला अक्ष. आता काचेच्या वरच्या भागातून आणि खालच्या भागातून अक्षाकडे तिरक्या, एकमेकींना समांतर रेघा काढा. काचेच्या मध्याजवळून निघालेल्या रेघा अक्षाला लवकर भेटतात. काठावरून निघालेल्या उशिरा भेटतात. म्हणजे अक्षावरच्या प्रत्येक जागी प्रकाश येतो, पण प्रत्येक जागी तो काचेच्या वेगळ्या कडीतून आलेला असतो.

चारी बाजूंनी आलेल्या या लाटा अक्षावर एका तालात भेटतात. शिखरावर शिखर पडतं आणि तिथे झगझगीत ठिपका तयार होतो. थोडं बाजूला ताल बिघडतो, तिथे काळी कडी. आणखी बाजूला पुन्हा जमतो, तिथे उजळ कडी. ही कड्यांची नक्षी ज्या गणिती फलनाने मोजतात त्याला बेसेल फलन म्हणतात. फ्रीडरिश बेसेल हे क्योनिग्सबर्गचे खगोलशास्त्रज्ञ, १८३८ साली एका ताऱ्याचं अंतर मोजून दाखवणारे. त्यांचा लेझरशी संबंध असणंच शक्य नाही, पण ग्रहांच्या गणितासाठी त्यांनी नीट मांडलेली फलनं इथे कामाला आली. म्हणून या झोताला बेसेल झोत म्हणतात. १९८७ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात जेम्स डर्निन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा झोत प्रत्यक्ष करून दाखवला. त्यांनी ॲक्सिकॉनऐवजी एक बारीक वर्तुळाकार फट आणि भिंग वापरलं होतं, पण तत्त्व तेच.

आता आकडे बघू. काचेवर पडणारा झोत एक सेंटिमीटर रुंद धरा. लाल प्रकाश आणि अर्ध्या अंशाचं वळण. मग ठिपक्याची रुंदी सुमारे ५५ मायक्रोमीटर येते, आणि तो काचेपासून सुमारे ५७ सेंटिमीटरपर्यंत तसाच टिकतो. साध्या झोताचे चार मिलिमीटर कुठे आणि हे ५७ सेंटिमीटर कुठे! मात्र ५७ सेंटिमीटरनंतर ठिपका संपतो, कारण काचेच्या काठावरून निघालेली शेवटची रेघ तिथे अक्षाला भेटते. पुढे भेटायला रेघच उरत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ठिपका हा पुढे पुढे जाणारा प्रकाशाचा धागा नाही. नदीतल्या भोवऱ्यासारखा तो आहे. भोवरा एका जागी दिसत राहतो, पण त्यातलं पाणी दर क्षणाला नवं असतं. इथे प्रकाश दर सेंटिमीटरला नवा असतो.

खसखस आणि मिरी

हे कळल्यावर खसखशीच्या दाण्याचं कोडं हातचा मळ आहे. दाण्याची त्रिज्या अर्धा मिलिमीटर. तिरका प्रकाश अर्ध्या अंशाने आत येतो आहे. दाण्याच्या कडेला चाटून गेलेली रेघ अक्षाला कुठे भेटेल? अर्धा मिलिमीटर भागिले अर्ध्या अंशाचं स्पर्शगुणोत्तर, शाळेतलंच त्रिकोणमितीचं गणित. उत्तर ५.७ सेंटिमीटर. म्हणजे दाण्यामागे ५.७ सेंटिमीटरची सावली, आणि त्यानंतर ठिपका परत.

यावरून एक सरळ नियम निघतो. अडथळा जितका रुंद, तितकी सावली लांब. प्रकाश जितका तिरका, तितकी सावली आखूड.

पण आता खसखशीच्या जागी मिरीचा दाणा घेऊ, पाच मिलिमीटरचा. तो काचेपासून दहा सेंटिमीटरवर ठेवला, तर सावली साधारण २९ सेंटिमीटर लांब पडेल. म्हणजे ठिपका ३९ सेंटिमीटरच्या आसपास परत येईल. झोत ५७ पर्यंत आहे, तेव्हा जमलं. तीच मिरी ४० सेंटिमीटरवर ठेवा. तिथे अक्षाकडे येणारा जो प्रकाश अजून शिल्लक आहे, तो अक्षाभोवती फक्त दीड मिलिमीटर त्रिज्येत आहे. मिरीची त्रिज्या अडीच. सगळाच प्रकाश अडला. ठिपका परत येणार नाही, कधीच नाही.

झोत तोच, मिरी तीच, जागा फक्त बदलली. झोताला स्वतःला बरं करायची शक्ती असती, तर असा भेदभाव त्याने का केला असता? त्याच्याकडे शक्ती नाही, साठा आहे. बाजूच्या कड्यांमधला प्रकाश हा तो साठा. तो शिल्लक आहे तोवर ठिपका परत येतो. संपला की संपला.

सावली गेली कुठे?

मग सावलीचं काय झालं? ती नाहीशी झाली नाही. सरकली. दाण्याने जो प्रकाश अडवला, तो अडला नसता तर अक्ष ओलांडून पलीकडच्या कड्यांमध्ये गेला असता. आता त्या कड्यांमध्ये तेवढी तूट आहे. ठिपका परत आल्यावर आपण खूश होऊन मध्येच बघत राहतो, पण नजर बाहेर वळवली तर ती फिकट जागा बाहेर बाहेर सरकताना दिसते.

म्हैसूरचा दसरा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे असं सांगता येईल. जंबू सवारी राजवाड्यापासून बन्नीमंटपाकडे निघते ती सयाजीराव रस्त्याने. हो, आपले बडोद्याचे सयाजीराव, त्यांच्याच नावाचा हा रस्ता. समजा मिरवणुकीआधी एका चौकात कठडा लावून गर्दी अडवली. कठड्याच्या लगेच पुढे रस्ता मोकळा. पण दोन चौक पुढे गेलं की रस्ता पुन्हा माणसांनी फुललेला, कारण गल्ल्यागल्ल्यांतून लोक येतच आहेत. कठड्याशी अडलेली माणसं मात्र अजून कठड्याशीच आहेत. आणि पलीकडच्या ज्या गल्ल्यांमध्ये ती पुढे पांगणार होती, तिथे तेवढी माणसं कमी आहेत. एकूण माणसं मोजली तर तूट सापडतेच.

प्रकाशाच्या हिशोबातही असंच आहे. बेसेल झोतात जवळजवळ प्रत्येक कडीत मधल्या ठिपक्याइतकाच प्रकाश असतो. आपल्या उदाहरणात झोताच्या मध्यावर सत्तरच्या आसपास कड्या असतात. म्हणजे ठिपक्याच्या वाट्याला साऱ्या प्रकाशाचा सत्तरावा भाग! ठिपका चिवट आहे, पण त्याची किंमत आधीच मोजलेली आहे. उरलेला सगळा प्रकाश राखीव म्हणून बाजूला बसवलेला आहे.

सावलीतला उजळ ठिपका

सावलीच्या मध्यभागी प्रकाश दिसण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८१८ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत ऑगस्तँ फ्रेनेल या तरुण अभियंत्याने प्रकाश ही लाट आहे असं मांडणारा निबंध पाठवला. परीक्षकांत पोअसाँ हे मोठे गणिती होते आणि त्यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी फ्रेनेलच्याच गणितावरून दाखवलं, की तसं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यावर उजळ ठिपका दिसायला हवा. आणि असं कधी होतं का! परीक्षकांपैकीच आरागो यांनी प्रयोग करून पाहिला. दोन मिलिमीटरची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवली. सावलीच्या मध्यावर ठिपका होता. फ्रेनेलला बक्षीस मिळालं, आणि ज्या ठिपक्याने सिद्धांत मोडायचा होता त्याला गमतीने पोअसाँचंच नाव चिकटलं.

आपल्याकडे सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी गोलाकार अडथळ्यांमागे प्रकाश कसा वागतो यावर १९२६ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे दोनच वर्षांनी याच जोडीने जे शोधलं, ते आपण रामन परिणाम म्हणून ओळखतो.

पोअसाँच्या ठिपक्यात आणि बेसेल झोतात फरक आहे. तिथे प्रकाश चकतीच्या कडेला वाकून आत येतो. इथे तो आधीपासूनच तिरका निघालेला असतो. पण मूळ मुद्दा दोन्हीकडे तोच. सावलीत दिसणारा प्रकाश अडथळ्यातून येत नाही, बाजूने येतो. बेसेल झोताचा ठिपका अडथळ्यानंतर पुन्हा जमतो हे १९९८ साली झेदनेक बोउखाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट तपासून मांडलं, आणि तिथून हा विषय गाजू लागला.

म्हैसूरचे दोन धागे

आता प्रश्न असा, की असे झोत घडवतात कसे? दर वेळी नवी काच घासायची का? नाही. आज बहुतेक प्रयोगशाळांत द्रवस्फटिकांचा एक छोटा पडदा असतो, मोबाइलच्या पडद्याच्या नात्यातला. त्यातल्या प्रत्येक चौकोनाला वेगळा विद्युतदाब देता येतो. त्याने तिथले लांबट रेणू वळतात आणि तिथून जाणारी लाट कमी-जास्त रेंगाळते. लाटेचं हे पुढे-मागे असणं म्हणजे तिची कला. प्रत्येक जागची कला आपल्या हातात आली, की संगणकावर नक्षी काढायची आणि झोत त्या नक्षीप्रमाणे घडवायचा. बेसेल झोत हवा तर बेसेल, मळसूत्रासारखा वळत जाणारा हवा तर तसा. अशा घडवलेल्या प्रकाशाला संरचित प्रकाश म्हणतात.

१९६१ साली म्हैसूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख म्हणून एस. चंद्रशेखर आले. इथे नावाची गल्लत होते, म्हणून नातं सांगतो. नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे. म्हैसूरला आलेले हे चंद्रशेखर रामन यांचे भाचे. मानसगंगोत्रीचा परिसर तेव्हा नवाकोरा होता. तिथे त्यांनी द्रवस्फटिकांवर काम सुरू केलं. द्रवासारखं वाहणारं, पण स्फटिकासारखी रेणूंची शिस्त पाळणारं हे पदार्थांचं रूप तेव्हा बऱ्याच जणांना निव्वळ कुतूहलाचा विषय वाटत असे. दहा वर्षांनी, १९७१ साली, ते बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत गेले. (त्या संस्थेची जमीनही १९३४ साली म्हैसूर सरकारनेच दिलेली.) तिथे १९७७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. तोवर सगळे लांबट रेणूच धरून चालले होते.

दुसरा धागा त्यांच्या धाकट्या भावाचा. एस. पंचरत्नम. १९५६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बंगळूरला रामन यांच्याकडे काम करताना त्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. प्रकाशाच्या कंपनाची दिशा आणि धाटणी, म्हणजे त्याचं ध्रुवीकरण, टप्प्याटप्प्याने बदलत नेलं आणि शेवटी मूळ स्थितीला आणून सोडलं, तरी लाट अगदी पहिल्यासारखी राहत नाही. तिच्या कलेत थोडा फरक उरतो. आणि तो फरक किती, हे बदलाच्या वाटेने घेरलेल्या भूमितीवर ठरतं.

हे समजायला पृथ्वीचा गोल घ्या. उत्तर ध्रुवावर एक पेन्सिल टेकवा, टोक खाली विषुववृत्ताकडे. ती न वळवता सरळ विषुववृत्तापर्यंत सरकवा, मग विषुववृत्तावरून थोडी पूर्वेला न्या, आणि पुन्हा ध्रुवावर आणा. वाटेत पेन्सिल कुठेही वळवली नाही, तरी परत आल्यावर तिचं तोंड वेगळ्या दिशेला असतं. पंचरत्नम यांनी प्रकाशाच्या बाबतीत पाहिलं ते हेच.

पंचरत्नम १९६१ ते १९६४ म्हैसूर विद्यापीठात प्रपाठक होते. नंतर ऑक्सफर्डला गेले आणि १९६९ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारले. त्यांचा निबंध बरीच वर्षं मागे पडला. १९८४ साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी याच जातीची कल्पना व्यापक रूपात मांडली. त्यानंतर १९८६ साली रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी पंचरत्नम यांच्या कामाकडे लक्ष वेधलं, आणि पुढच्याच वर्षी बेरी यांनी त्याचं महत्त्व मोकळेपणाने मांडलं.

हे दोन धागे आज एकाच पातळ चकतीत एकत्र येतात. द्रवस्फटिकाचा पातळ थर घ्यायचा आणि त्यातल्या रेणूंची दिशा जागोजागी वेगळी ठेवायची. योग्य जाडीच्या थरात वर्तुळाकार ध्रुवीकरण असलेला प्रकाश सोडला, तर रेणू जितके वळलेले तितकी, म्हणजे नेमकी त्याच्या दुप्पट, कला बदलते. पंचरत्नम यांनी दाखवलेली हीच ती कला. रेणूंची दिशा मध्यापासून काठापर्यंत समान गतीने बदलत नेली, की सपाट थर ॲक्सिकॉनसारखा वागतो. शंकू नाही, घासकाम नाही. २००६ साली इटलीत नेपल्सला लोरेंझो मारुच्ची आणि सहकाऱ्यांनी अशाच द्रवस्फटिकी चकतीतून मळसूत्री झोत काढून दाखवला.

या दोघा भावांनी बेसेल झोतावर काम केलं, असं मी म्हणत नाही. त्यांच्या म्हैसूरच्या दिवसांत लेझर जेमतेम जन्माला आला होता. पण आजचा संशोधक ज्या हत्यारांनी प्रकाश घडवतो, त्यातल्या दोन हत्यारांची समज या दोन माणसांनी वाढवली, आणि १९६१ ते १९६४ या काळात ते एकाच विभागात होते.

उपयोग कुठे, अपेक्षा कुठे थांबवायची

या झोताचे उपयोग खरे आहेत. २००२ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या गटाने एकाच बेसेल झोताने, काही मिलिमीटर अंतरावरच्या दोन वेगळ्या कुप्यांमध्ये, एकाच वेळी सूक्ष्म कण पकडून दाखवले. पहिल्या कणाने झोत विस्कटतो, पुढे तो जमतो आणि दुसरा कण पकडतो. काच कापायला हा झोत वापरतात, कारण लांबलचक बारीक ठिपका काचेच्या पूर्ण जाडीतून एका दमात रेघ ओढतो. २०१० साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकात असा झोत वापरला, तेव्हा ऊतीत तो साध्या झोतापेक्षा कमी भरकटला. पण कड्यांचा प्रकाश आजूबाजूचा भागही उजळवतो आणि चित्र धूसर होतं, तो प्रश्न सोबत आलाच.

धुक्याचं काय? धुक्यात एक दाणा नसतो, असंख्य थेंब असतात आणि ते सगळीकडे असतात. ठिपक्याच्या वाटेत आहेत तसेच बाजूच्या कड्यांच्या वाटेतही आहेत. गल्ल्यागल्ल्यांतही कठडे लावले तर मुख्य रस्ता भरणार कुठून? दूध, धूर, जाड ऊती यांनाही हेच लागू. थोड्या अडथळ्यांत या झोताला फायदा मिळतो. दाट अडथळ्यांत तो फायदा विरून जातो.

म्हणून पुढच्या वेळी ‘अडथळ्यांवर मात करणारा’ लेझर असं कुठे वाचलंत, मग ती जाहिरात असो, बातमी असो किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचं शीर्षक, तर तीन प्रश्न विचारा. पहिला, अडथळा झोताच्या एकूण रुंदीच्या मानाने केवढा आहे? नुसत्या ठिपक्याच्या मानाने नव्हे. दुसरा, अडथळा एक आहे की सगळीकडे पसरलेले अनेक? तिसरा, कामाला बारीक ठिपका हवा आहे की एकूण प्रकाश? ठिपका हवा असेल तर हा झोत उपयोगाचा. एकूण प्रकाश हवा असेल, तर अडलेल्या प्रकाशाची तूट कुठलाही झोत भरून देत नाही.

तुमच्या चष्म्यावर धुळीचा एखादा कण असतो, आणि तरी समोरचं चित्र भोक पडल्यासारखं दिसत नाही. काचेच्या बाकीच्या भागातून आलेला प्रकाश त्याची जागा भरतो. कण वाढत जातात तसं चित्र हळूहळू फिकं होतं, आणि मग आपण चष्मा पुसतो. झोताच्या बाबतीतही हिशोब एवढाच सरळ आहे.

ट्यूबलाइट आणि पेन्सिलीचा प्रयोग मात्र आज रात्री जरूर करा, आणि पेन्सिल कशी धरली तर सावली किती उंचीवर जाते, ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.